हिशोबात बसलेलं चॅनल पिळतं का? शिअरच्या वाटेचा माग

शिरोली एमआयडीसीत काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. फाउंड्रीच्या शेडमध्ये ४ मीटर गाळ्यावर १५० मिमी उंचीचं एक चॅनल, म्हणजे इंग्रजी सी आकाराचा पोलादी बीम, टाकलं. खालच्या फ्लँजच्या, म्हणजे आडव्या पट्टीच्या, मधोमध दर अर्ध्या मीटरला भोकं पाडून रॉडनं पाण्याचे पाइप आणि केबल ट्रे टांगले. चॅनलवर एकूण भार १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टन. बेंडिंगचा, म्हणजे वाकण्याचा, स्ट्रेस ७२ मेगापास्कल आला, शिअरचा, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्याचा, जेमतेम ९. सगळं हिशोबात बसलं. पण पाइपमध्ये पाणी भरलं तसं चॅनल मध्यावर पिळलं आणि तोंडाची, म्हणजे उघडी, बाजू डोळ्याला दिसेल इतकी खाली आली. तुमचं म्हणणं असं की व्हीक्यू भागिले आयटी हे शिअर स्ट्रेसचं सूत्र बरोबर वापरलं, मग चुकलं कुठं?

सूत्र बरोबर आहे. ते ज्यासाठी आहे तेवढंच त्यानं सांगितलं. तुम्ही शिअर किती आहे ते विचारलंत, तो कुठल्या वाटेनं जातो ते विचारलं नाही. जाड लाकडी वाशाला किंवा काँक्रीटच्या बीमला पहिला प्रश्न पुरतो. पातळ पत्र्याच्या, पट्ट्यांच्या सेक्शनला दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी तीस वर्षं शेड, गँट्री आणि ट्रॉल्यांची कामं करतोय आणि माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या कामांत ही चूक वारंवार भेटली आहे. म्हणून मुळापासून लिहितो.

बीममध्ये आडवा शिअर येतो कुठून? कोल्हापुरी चप्पल हातात घ्या. तळाला चामड्याचे थर असतात आणि ते चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. शिवण सैल झालेली जुनी चप्पल वाकवून पाहा. कडेला थर एकमेकांवरून सरकलेले दिसतील, पायरी पडलेली दिसेल. घट्ट शिवलेल्या नव्या चपलेत ही पायरी पडत नाही, आणि वाकवायला जोरही जास्त लागतो. ती सरकण्याची ओढ जी वादी धरून ठेवते, ती ओढ म्हणजे आडवा शिअर. सारख्या जाडीच्या दोन फळ्या नुसत्या एकावर एक ठेवल्या आणि त्याच दोन फळ्या पक्क्या चिकटवल्या, तर चिकटवलेली जोडी चौपट ताठ होते. हा फरक सगळा त्या चिकटवलेल्या रेषेनं कमावलेला असतो.

आता हेच बलांच्या भाषेत. दोन टेकूंवरच्या बीममध्ये बेंडिंग मोमेंट टेकूपासून मध्याकडे वाढत जातो. म्हणून वरच्या भागातला दाबही मध्याकडे वाढत जातो. वरच्या फ्लँजचा वीतभर तुकडा मनात कापून बाजूला काढा. त्याच्या एका तोंडावर दाब कमी, दुसऱ्यावर जास्त. हा फरक कुणीतरी पेलायला हवा, नाहीतर तुकडा घसरेल. तो पेलते तुकड्याखालची आडवी रेघ. दर मिलिमीटर लांबीला तिथं जितकं बल लागतं तो शिअर फ्लो, व्हीक्यू भागिले आय. त्याला जाडीनं, म्हणजे टीनं, भागलं की स्ट्रेस. व्ही म्हणजे त्या जागचा एकूण शिअर, आय म्हणजे सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया, वाकायला तो किती विरोध करतो ते सांगणारा आकडा. क्यू म्हणजे कापलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले न्यूट्रल अॅक्सिसपासून, म्हणजे जिथं ना दाब ना ताण अशा मधल्या रेषेपासून, त्याच्या मध्याचं अंतर. वरच्या कडेला कापायला काही उरतच नाही, म्हणून तिथं शिअर शून्य. मध्यावर सगळा अर्धा भाग वर राहतो, म्हणून तिथं सर्वांत जास्त.

हे सूत्र लाकडातून जन्मलं हे मुद्दाम सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रशियात सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को रेल्वेचं काम चालू होतं. तिथल्या लाकडी पुलांवर झुराव्स्की हा इंजिनिअर होता. लाकूड तंतूंच्या दिशेनं सहज फाटतं, त्यामुळं खोल वाशांना आडवा शिअर घातक ठरतो हे त्यानं ओळखलं आणि त्यावरून हा हिशोब मांडला. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या तुळयांना टोकाजवळ मध्य उंचीवर लांबट आडवी चीर दिसते. सुकताना पडलेल्या भेगाही तशाच दिसतात, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. पण दुरुस्तीला गेलात की ती जागा हात लावून बघा, कारण शिअर तिथंच जास्त असतो आणि भेगेनं तिथलीच रुंदी खाल्लेली असते.

आता पट्ट्या जोडून केलेला गर्डर घेऊ, म्हणजे आकडे हाताशी येतील. वेब, म्हणजे मधली उभी पट्टी, ४०० बाय ८ मिमी, वरखाली फ्लँज २०० बाय १२, आणि भाराचा सुरक्षा-गुणक लावून शिअर २०० किलोन्यूटन. याचा आय येतो सुमारे २४.६ कोटी मिमीचा चौथा घात. फ्लँज आणि वेबच्या सांध्यावर शिअर फ्लो ४०१ न्यूटन प्रति मिमी. वेबची जाडी ८, म्हणून तिथं स्ट्रेस ५० मेगापास्कल. मध्यावर फ्लो ५३१, स्ट्रेस ६६. आणि सरळ २०० किलोन्यूटनला वेबच्या क्षेत्रफळानं भागलं तर ६२.५. कमाल आणि सरासरीत फरक केवळ सहा टक्क्यांचा. म्हणूनच आयएस ८००:२००७ आय सेक्शनच्या वेबला सरासरी शिअरवर तपासू देतो आणि २५० ग्रेडच्या पोलादाला सुमारे १३१ मेगापास्कलपर्यंत मुभा देतो. आयताकृती वाशात मात्र कमाल शिअर सरासरीच्या दीडपट असतो, पातळ गोल पाइपात दुप्पट. ही सवलत सगळ्या आकारांना सरसकट लावू नका.

त्या ४०१ आकड्याचा दुसरा उपयोग वेल्डला. फ्लँजला वेबशी जोडणारे दोन्ही बाजूंचे फिलेट, म्हणजे कोपऱ्यातले वेल्ड, मिळून तेवढं बल प्रत्येक मिलिमीटरला पेलतात. एकेकाला २००, ५ मिमीचा फिलेट म्हणजे घसा, वेल्डची कामाची जाडी, ३.५, स्ट्रेस ५७. भरपूर जागा आहे. वेल्डचा हिशोब ‘दिसायला बरा वाटतो’ यावर सोडणाऱ्यांना मी दर वेळी हा आकडा काढून दाखवतो. दोन मिनिटांचं काम आहे.

पण खरी मेख फ्लँजमध्ये आहे. पुस्तकातल्या नेहमीच्या आकृतीत फ्लँजचा शिअर इवलासा दाखवलेला असतो, ४०१ भागिले २००, म्हणजे २ मेगापास्कल. तो उभ्या दिशेचा शिअर. फ्लँजमध्ये आडव्या दिशेनंही शिअर असतो आणि तो १६.७ मेगापास्कलपर्यंत जातो. फ्लँजच्या टोकाला शून्य, वेबकडे येताना सरळ रेषेत वाढत जाणारा. अर्ध्या फ्लँजमधून २००.५ न्यूटन प्रति मिमी येतं, दुसऱ्या अर्ध्यातून तेवढंच, आणि वेबमध्ये उतरतं ४०१. जुळलं ना? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एकत्र होऊन प्रयाग चिखलीपासून पुढं पंचगंगा वाहते. जेवढं आलं तेवढंच पुढं जातं. पातळ सेक्शनच्या प्रत्येक सांध्यावर शिअर फ्लोचा नेमका हाच नियम आहे, आणि शिअर नेहमी पट्टीच्या अंगानं वाहतो, आडवा पट्टी ओलांडून नाही. सेक्शनचं चित्र काढा, बाण काढा, सांध्यावर बेरीज करा. मी अजूनही कॉम्प्युटरचा निकाल बघण्याआधी हे बाण पेन्सिलनं काढतो.

आय सेक्शनला वरच्या फ्लँजमध्ये डावीकडून आणि उजवीकडून येणारे बाण एकमेकांना तोलतात. आता चॅनलला बाण काढा. वरच्या फ्लँजमध्ये बाण एकाच बाजूचा, टोकाकडून वेबकडे. वेबमध्ये खाली. खालच्या फ्लँजमध्ये वेबकडून टोकाकडे. वरच्या फ्लँजचं बल एका दिशेला, खालच्याचं उलट्या दिशेला, मध्ये उंचीएवढं अंतर. म्हणजे ही जोडी सेक्शनला पिळते. तोलणारं दुसरं कुणी नाही. हा पीळ रद्द करायचा तर बाहेरचा भार वेबच्या पाठीमागं, पोलादाच्या बाहेर, हवेतल्या एका बिंदूतून जायला हवा. तो बिंदू म्हणजे शिअर सेंटर. सारख्या जाडीच्या चॅनलला वेबच्या मध्यरेषेपासून त्याचं अंतर तीन गुणिले फ्लँजच्या रुंदीचा वर्ग, भागिले उंची अधिक सहापट रुंदी. सगळी मापं मध्यरेषेची.

हे कुणाला आधी सुचलं नव्हतं. सेंट्रॉइडमधून, म्हणजे सेक्शनच्या क्षेत्रफळाच्या मध्यबिंदूतून, भार लावला की बीम सरळ वाकेल असंच सगळे धरून चालायचे. जर्मनीत कार्ल बाख यांनी १९०९ च्या सुमारास चॅनलवर प्रत्यक्ष चाचण्या केल्या तेव्हा सेंट्रॉइडमधून भार लावूनही चॅनल पिळतं हे दिसलं. त्याचं नीट स्पष्टीकरण १९२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट मायार यांनी दिलं, काँक्रीटच्या देखण्या कमानी पुलांसाठी ओळखले जाणारे तेच मायार. म्हणजे तुम्ही ज्यात अडकलात त्यात तुमच्या आधीचे जाणते लोकही अडकले होते.

आता तुमच्या चॅनलकडे. १५० बाय ७५ चं चॅनल, फ्लँज सुमारे ९ मिमी, वेब ५.७. शिअर सेंटर वेबच्या मध्यरेषेपासून जवळपास ३० मिमी बाहेर, पाठीमागं. तुमचे रॉड फ्लँजच्या मधोमध, म्हणजे मध्यरेषेपासून ३६ मिमी आत. हात, म्हणजे भार आणि शिअर सेंटर यांतलं अंतर, झाला ६६ मिमी. प्रत्येक टोकाला रिअॅक्शन ७.५ किलोन्यूटन, म्हणून पीळ ४९५ न्यूटन-मीटर. उघड्या सेक्शनचा पिळाचा स्थिरांक म्हणजे प्रत्येक पट्टीची लांबी गुणिले जाडीचा घन, त्यांच्या बेरजेचा तिसरा भाग. तुमच्या चॅनलला तो येतो केवळ ४३ हजार मिमीचा चौथा घात. निव्वळ पीळ धरला तर टोकाशी फ्लँजमध्ये शिअर १०० मेगापास्कलच्या पुढं जातो. फ्लँज आपापल्या पातळीत वाकून, म्हणजे वार्पिंगनं, थोडा पीळ उचलतात, तो धरला तरी ७५-८० उरतो. तुमच्या कागदावर ९ होता. शिवाय वार्पिंगचा सरळ स्ट्रेस बेंडिंगच्या ७२ मध्ये भर घालतो तो वेगळाच. आणि मध्यावर सेक्शन फिरतो सुमारे ७ अंश. तुम्हाला डोळ्यांनी दिसलं ते हेच.

जाडीचा घन हा शब्द मनात ठेवा. उघडा सेक्शन पिळाला इतका दुबळा का, ते त्यातच आहे. पीळ पेलायला बलाच्या जोडीला अंतर लागतं आणि उघड्या पट्टीत ते अंतर मिळतं फक्त पट्टीच्या जाडीएवढं. बंद पेटीत प्रवाह सगळ्या भिंतींतून गोल फिरतो, त्याला अख्ख्या पेटीची रुंदी मिळते. घरी चपलांचं पुठ्ठ्याचं खोकं असेलच. झाकण काढून दोन्ही टोकं धरून पिळा, सहज वेडंवाकडं होतं. मग झाकण बसवून चारी कडांना चिकटपट्टी लावा आणि पुन्हा पिळा. मी हे शिकाऊ मुलांच्या हातात देतो, नुसतं सांगत नाही, कारण मनगटाला जो फरक कळतो तो फळ्यावर कळत नाही. हिशोब १८९६ मध्ये ब्रेड्ट यांनी दिला: शिअर फ्लो म्हणजे पीळ भागिले पेटीनं वेढलेल्या क्षेत्रफळाची दुप्पट. पुठ्ठ्याचं किंवा पोलादाचं क्षेत्रफळ नव्हे, आतल्या पोकळीसकट वेढलेलं.

पण चिकटपट्टी चारी कडांना हवी, सलग हवी. यात मी स्वतः एकदा चुकलो. हायवेलगतच्या एका बोर्डचं काम होतं, ३ मीटर बाय २ मीटर, खांब बोर्डाच्या एका कडेला. खांबासाठी दोन १५० ची चॅनल तोंडाला तोंड लावून पेटी करायची होती. ड्रॉइंगवर मी वेल्डची खूण काढली, पण ‘सलग’ हा शब्द लिहिला नाही. वर्कशॉपमध्ये ४० मिमीचे टाके, दर ३०० मिमीला एक, असे मारले गेले. बाहेरून रंग दिल्यावर पेटीच दिसते. मे महिन्यात वळीव आला, वारा सुटला आणि बोर्ड खांबाभोवती फिरून कलता राहिला. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. शिडी लावून वर गेलो. रंगाखाली प्रत्येक टाक्यावर केसाएवढी चीर होती, आणि खालून तिसऱ्या टाक्यापाशी दोन चॅनलची तोंडं बोटभर सरकलेली होती. तीच सैल चपलेची पायरी.

घरी येऊन जो हिशोब केला तो आधी करायला हवा होता. वाऱ्याचा दाब एक किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला तर ६ चौरस मीटरवर ६ किलोन्यूटन, हात दीड मीटर, पीळ ९ किलोन्यूटन-मीटर. वेढलेलं क्षेत्रफळ २०,००० चौरस मिमी. शिअर फ्लो २२५ न्यूटन प्रति मिमी. दर ३०० मिमीला एक टाका, म्हणजे एका टाक्यावर ६७.५ किलोन्यूटन, भाराचा गुणक लावायच्या आधीच. ४० मिमी लांब, ३.५ घशाचा टाका पेलतो २६ किलोन्यूटनच्या आसपास. तेच वेल्डिंग सलग असतं तर स्ट्रेस ६४ मेगापास्कल, निवांत. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पेटी सेक्शनच्या ड्रॉइंगवर ‘वेल्ड पूर्ण लांबी सलग’ असं अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि रंग लागण्याआधी मी किंवा माझा माणूस जाऊन बघतो.

याचा अर्थ जिथं चॅनल दिसेल तिथं पट्टी मारून पेटी करा असा नाही. ट्रकची चासी मुद्दाम उघड्या चॅनलची असते. उसाच्या फडातल्या चाकोऱ्यांत एक चाक वर, एक खाली असताना चासीनं पिळून सगळी चाकं जमिनीला टेकवायची असतात. उद्यमनगरात दुरुस्तीला आलेल्या चासीला कुणी मध्येच दोन फूट पेटी करून ‘मजबूत’ करतं आणि सहा महिन्यांत तडा नेमका त्या पेटीच्या टोकाला जातो. लवचिक आणि ताठ यांच्यात अचानक पायरी केली की पीळ तिथंच साठतो.

पर्लिनचंही, म्हणजे छपराचा पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या बीमचंही, थोडक्यात सांगतो, कारण गगनबावड्याच्या बाजूला उतरती छपरं जास्त. सी पर्लिनचं तोंड आढ्याकडे ठेवा, वळचणीकडे नको. १५० बाय ५० बाय २ चा पर्लिन घ्या, उतार एकास तीन, भार वरच्या फ्लँजच्या मधोमध. तोंड आढ्याकडे असेल तर भाराची उभी रेषा उतारामुळं वेबकडे सरकते आणि शिअर सेंटरपासूनचा हात सुमारे १७ मिमी उरतो. तोंड वळचणीकडे केलंत तर तोच हात ६७ मिमी होतो. तेच पोलाद, तीच मजुरी, चौपट पीळ. पर्लिन एकमेकांना बांधणारे सॅग रॉड आणि पत्र्याचे स्क्रू बरंच सांभाळून घेतात, पण पत्रा बसण्याआधी पर्लिनवर माणूस चढतो तेव्हा त्याला सांभाळायला ते नसतात.

अँगल आणि टी सेक्शनला शिअर सेंटर पट्ट्या मिळतात त्या कोपऱ्यावर असतं, कारण सगळे बाण तिथूनच जातात. वेबची जाडी उंचीच्या मानानं फार कमी असेल, म्हणजे उंची जाडीच्या साधारण ६७ पटींच्या पुढं असेल, तर शिअरनं वेब तिरका सुरकुततो. तो वेगळा विषय आहे, वेबला आधार देणाऱ्या पट्ट्यांचा म्हणजे स्टिफनरचा, तुमच्या चॅनलला त्याचा त्रास नाही.

तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, रॉड फ्लँजवरून काढून चॅनलच्या पाठीला छोटे क्लीट, म्हणजे बाहेर येणारे पोलादी तुकडे, लावा आणि क्लीटमधलं भोक पाठीपासून २७ मिमीवर ठेवा. भार शिअर सेंटरमधून जाईल आणि चॅनल सरळ खाली वाकेल. पाइपांची ओळ तेवढी सरकवायला जागा असेल तर हे सर्वांत स्वस्त. दुसरी, जागा नसेल तर तोंडावर ६ मिमीची पट्टी पूर्ण लांबीभर मारून पेटी करा. पिळाचा स्थिरांक दीडशे पटींहून जास्त वाढतो, शिअर सेंटर पेटीच्या आत येतं आणि पिळाचा शिअर ४ मेगापास्कलच्याही खाली जातो. त्याआधी पाइप रिकामे करा आणि मध्यावर जॅक देऊन चॅनल सरळ करून घ्या, नाहीतर पिळलेल्या आकारातच पेटी बंद होईल आणि मग ती हलणार नाही. वेल्ड एका टोकाकडून सलग ओढत नेऊ नका, उष्णतेनं चॅनल वाकेल. आधी टाके, मग मधून दोन्ही टोकांकडे, आलटून पालटून वरची आणि खालची कड, आणि शेवटी सगळ्या मोकळ्या जागा भरून घ्या. फ्लँजमधली जुनी भोकं मोकळी ठेवू नका. फाउंड्रीतली धूळ आणि ओल पेटीत शिरली की आतून गंज चढतो आणि तो बाहेरून दिसत नाही.